छाट

अकरा वर्षं एका कान्यापायी गेली.
फंडाच्या पुस्तकात बालमणी,
आधारावर बालामणी,
आणि साहेब म्हणायचा, बाई, या दोन बायका आहेत.
चैतात दोघींचे पैसे एकदम आले
तेव्हा अम्मा म्हणाली, हंसिका सांगेल तिथं जेवायचं.
बिल माझं. कुणी मध्ये बोलायचं नाही.

विडी घरकुलापासून होटगी रोडपर्यंत रिक्षा,
वाटेत तिनं दोनदा पदराची गाठ चाचपली.
काचेचं दार, आत थंडी,
टेबलाच्या पोटात शेगडी
आणि छतातून उतरलेली पितळी सोंड, धूर पिणारी.
"आपल्या चुलीवर असती ही," अम्मा म्हणाली,
पुढचं बोलली नाही.

हंसिका मेनू कोरियनमध्ये वाचत होती,
मालिका बघून बघून शिकलेली.
शेजारच्या टेबलावर वेटरबरोबर फोटो चाललेले,
"थेट कोरियाहून आणलाय," एकजण बायकोला सांगत होता.
तो थांगबोई. आसामातल्या हाफलाँगचा.
सोलापुरात दीड वर्षं.
शेंगाचटणीचा डबा उशीखाली ठेवतो म्हणाला,
खोलीतली पोरं संपवतात.

मग त्यानं कात्री काढली.
मटणाला कात्री!
अम्मा खुर्चीत सरळ झाली.
आमच्या घरात कात्री पानाची.
पत्र्याचं माप ठेवायचं, शीर चुकवायची, कर्र.
चौथीत असताना गृहपाठाच्या आधी
निम्मी पानं माझी असायची.
निखाऱ्यावर पट्ट्या चुरचुरत होत्या
आणि अम्मा त्याच्या मनगटाकडे बघत होती,
नव्या सुनेच्या हाताकडे बघतात तशी.

मग पानं आली. सॅलडची, ओली, पाणी झटकलेली.
"यात मटण, लसूण, लाल चटणी, चिमूटभर भात,
गुंडाळायचं, अख्खं तोंडात. अर्धं चावायचं नाही."

अम्मानं पान उलटं केलं.
देठाकडची जाड शीर नखानं खुडली.
अंगठा, तर्जनी, एक वळसा,
टोक आत दाबलं.
ताटलीत एक. दुसरं. पाच.
तोंडं सगळी एका बाजूला.
"अम्मा, खा की."
"होऊ दे."
सत्तेचाळीस वर्षं तिनं दुसऱ्यांच्या ओठांसाठी वळलं,
स्वतःच्या तोंडाची वाट हातांना ठाऊक नव्हती.

थांगबोई म्हणाला, मला शिकवा.
त्याचं फुटलं. चटणी मनगटावर.
अम्मानं न बघताच बोटानं बाजूला सारलं,
"छाट."

छाट म्हणजे?
मी सांगितलं. कारखान्यात चेकर सुपात हात घालायचा,
हिचं तोंड उघडं, हिचं पोट ढिलं,
हजारात साठसत्तर काढून ठेवायचा.
त्यांचे पैसे नाहीत.
आणि त्या परतही नाहीत.
"मग जायच्या कुठं?"
मालकाकडे.
पुढं आम्ही विचारलं नाही.

तो गप्प झाला. चिमट्यानं निखारा उगाच हलवला.

अम्मानं ते फुटकं उचललं,
कोपरापर्यंत ओघळ,
आणि अख्खं तोंडात घातलं.
डोळे मिटून बराच वेळ चावत राहिली,
हंसिका फोन धरायचं विसरली.
"कारम् कमी आहे," ती म्हणाली,
आणि दुसरं त्यालाच वळायला लावलं,
तेही फुटलं, तेही तिनं खाल्लं.
ताटलीतली तिची पाच, सुबक,
आम्ही दोघींनी संपवली.

बिलाच्या नोटा मोजताना ती एकदा चुकली,
पुन्हा पहिल्यापासून.
शेवटी एक कार्ड आलं, जेवण कसं वाटलं विचारणारं,
खाली नावाची रेघ.
हंसिकानं लिहिलं.
अम्माला अक्षरं फारशी येत नाहीत.
तिनं कार्ड दिव्याकडे तिरकं धरलं,
काना आहे का बघितला,
मग ठेवलं.