दोन कड्या

बसच्या टपावरून उतरवल्या दोन लोखंडी कड्या,
एक फूटभर, दुसरी तिच्या दुप्पट,
घण, लाकडी ठोकळा, स्टॉपवॉच,
आणि एम.एस्सी. भाग दोनची चौदा मुलं,
निम्मी अजून झोपेत.

चोपड्याच्या वर, जिथे सातपुडा
गोटे, रेती, मुरूम पायथ्याशी टाकून मोकळा होतो,
त्या पट्ट्याला पुस्तकात बझाडा म्हणतात.
सतरा वर्षं मी तो फळ्यावर काढते आहे:
तिरपी रेघ, खाली ठिपके, ठिपक्यांतून बाण.
बाण नेहमी खालीच जातात.
परीक्षेत आठ गुणांना येतो.

टँकर सांगितला होता, पोचला नाही.
ड्रायव्हरचा फोन बंद, किंवा डोंगराआड.
तेव्हा झेलाबाईंनी, कुणी न मागता,
ओट्यावरचा हंडा कलता केला आमच्या बादलीत.

"तिरकी बसली तर आकडा खोटा येतो," मी ओरडले.
मयंक वाघने घण मारला,
उमेरा तडवीने घड्याळ लावलं.
पहिली बादली चार मिनिटांत गडप.
दुसरी, चार मिनिटं दहा सेकंद.
विद्यापीठामागच्या काळ्या रानात
हेच पाणी दारातल्या पाहुण्यासारखं ताटकळतं,
मुलं तेवढ्यात डबे खाऊन येतात.
इथे कुणाला मान वर करायला सवड नव्हती.

"आकडा स्थिर झाला पाहिजे.
होईस्तोवर ओतत राहायचं."
पद्धत तीच आहे, मी नाही ठरवलेली.
झेलाबाई दुसरा हंडा घेऊन आल्या. मग शेजारणीचा.
हातपंप वस्तीच्या खालच्या अंगाला,
त्याचं ऐकू येत होतं:
कर्र, कर्र, कर्र,
आणि बऱ्याच वेळाने पाणी.

"कितलं पेस ती?" त्यांनी विचारलं.
मी सेंटिमीटर दर तासात उत्तर दिलं.
त्या हसल्या नाहीत.
"पाजा, पाजा. तिनी तीस आमनापेक्षा जुनी शे."

दिलवर पावरा वहीवरून मान न उचलता म्हणाला,
"मॅडम, बाहेरच्या कडीतलं पाणी
कुठल्या रकान्यात?"
"ते मोजत नाहीत.
ते आतल्याला बाजूला पसरू देत नाही,
सरळ खाली जाऊ देतं, एवढंच.
भरलेलं ठेवायचं. लिहायचं नाही."
बोलून झालं,
आणि माझी नजर ओट्यावरच्या
पालथ्या हंड्यावर गेली.

अकराव्या बादलीला मी थांबवलं.
आकडा स्थिर झाला नव्हता.

मार्चमध्ये जर्नलं आली.
तेरा जणांनी शेवटचे आकडे स्थिर करून लिहिले होते,
रेघ कशी पुस्तकातल्यासारखी
गुळगुळीत वळून आडवी झालेली.
मी तेरांनाही ओळखते. मीही एकदा तशीच काढली होती.

दिलवरची रेघ अकराव्या बादलीशी तुटली होती.
खाली, पेन्सिलने: बाहेरची कडी.
झेलाबाई, तीन हंडे.
शेजारची, नाव विचारायचं राहिलं, दोन.
पंपाच्या खेपा पाच,
उताराने रिकाम्या, चढाने भरल्या.
एकक: आणि पुढे कोरी जागा.

बाह्य परीक्षक धुळ्याचे, सज्जन गृहस्थ.
चष्मा कपाळावर नेऊन म्हणाले,
"प्रयोग अपुरा आहे हो. गुण कुठे देणार?"
पंखा फिरत होता. मी पान पुन्हा त्यांच्याकडे सरकवलं.
त्यांनी पेन्सिलीची ती ओळ
ओठ हलवत वाचली, दोनदा.
मग चहा आला.

यंदाच्या सहलीची यादी केली आहे.
टँकर पोचल्याचा फोन आल्याशिवाय बस सोडायची नाही.
कड्या, घण, ठोकळा.
पाच हंडे पाणी, परत द्यायचं, आधी ते, मग प्रयोग.
आणि सगळ्यात वर, दोनदा अधोरेखित:
शेजारणीचं नाव.