पाडणाऱ्याचा सल्ला

एकतीस वर्षं मी पाडत आलोय.
ख्रोनिंगनच्या साखर कारखान्याचं धुराडं,
दोन चर्च, एक पोहण्याचा तलाव,
आणि माझं पहिलं लग्न जिथे लागलं
ते नगरपालिकेचं मागचं कार्यालयही.
(त्या दिवशी जेवणाची सुट्टी जरा लांबली, एवढंच.)

लोकांना वाटतं, पाडायला अक्कल लागत नाही.
गोळा झुलवला की झालं.
पण भिंतीचं वर्म कुठे
हे बांधणारा विसरून जातो.
माझ्या खांद्याला ते अजून आठवतं.

मार्चमध्ये बोलावणं आलं.
कालव्याकाठी नवं ऑफिस होणार होतं, पाच मजली, लाकडाचं,
छतावर सौर पॅनल, तळघरात पावसाची टाकी.
मारेइके बाईंनी नकाशा टेबलावर पसरला,
कोपऱ्यांवर कॉफीचे कप ठेवले
आणि विचारलं,
"होक्स्ट्रा, हे उतरवायचं झालं तर कसं उतरवाल?"

मी हसलो. पायाही खणला नव्हता अजून.
बारशालाच बाराव्याची बोलणी!
बाई हसल्या नाहीत.
पेन्सिलीला टोक करत राहिल्या.

मग सांगितलं.
फोम नको. फोम लागला की
वीट सुटते, पण तिची वीट राहत नाही.
गोंद नको. गोंद म्हणजे शुक्रवारी दुपारचा सुतार.
खिळ्याऐवजी बोल्ट,
आणि बोल्टाचं डोकं प्लास्टरखाली पुरू नका,
माझी पोरं मग ते पहारीने शोधतात,
आणि पहार नुसतं शोधून कधी थांबत नाही.
तुळईवर लिहा: झाड कुठलं, लांबी किती, भार किती.
शाईने नको, ठशाने.

एक मुलगा भराभर टिपून घेत होता.
माझं बोलणं कुणी लिहून घेतंय
हे मी पहिल्यांदाच पाहिलं,
आणि पुढचं वाक्य विसरलो.

त्याच उन्हाळ्यात शेजारची विमा कंपनी उतरवली.
श्यूर्ड रोज कुरकुरायचा:
चार दिवसांचं काम, चार महिने!
दोनशे बारा दारं. प्रत्येकाला चिठ्ठी.
स्क्रू काढून डब्यात, डब्यावर नंबर,
लोणच्याच्या बरण्यांसारखे डबे रांगेने.
संध्याकाळी अंगावर धूळ नसायची,
बायको म्हणाली, कामावर गेला होतास ना?

उद्घाटनाचं पत्र आलं होतं.
गेलो नाही. कोट बसत नाही आता.

रविवारी गेलो, रिमझिम होती.
काचेतून दिसलं, तिसऱ्या मजल्यावर
आमचंच एक दार, जुन्या कुलपाचं भोक तसंच.
खाली ओसरीच्या खांबाला, छातीच्या उंचीवर,
उघडा बोल्ट. थंड. चकचकीत.

पाना खिशात असतोच माझ्या.
इकडे तिकडे बघितलं.
पाव फेरा सैल केला.
सुटला.
परत आवळला.
सायकलचं कुलूप काढताना
कुठलीशी शीळ वाजवत होतो बहुतेक,
कारण कुत्रं घेऊन चाललेल्या म्हाताऱ्याने
टोपी उचलली.