डाग

टोलेडोत, अर्लीनबाईंच्या तळघरात
चार स्क्रू काढून बेसची मान उतरवली.
बुडाशी पेन्सिलीची तारीख: मार्च एकसष्ट.
पुसट, पण गिरवलेली नाही.
अंगठा टेकून टेकून
लाकूड उघडं पडलंय, तिथं नाक लावलं.
घाम, सिगार, जुनं तेल.

मग पत्रा उचलला.
आत वायरीला डाग दिलेला,
नवा. चकचकीत.

बाई जिन्यातच उभ्या.
"थॅडियस फार खोटं बोलायचा.
पैशांबद्दल, बायांबद्दल.
हिच्याबद्दल म्हणायचा, अस्सल आहे.
आता तू सांग."

निम्मी किंमत
त्या थेंबाएवढ्या कथलात वितळलेली.

"लाकूड खरं," मी म्हणालो.
"मान खरी."

आणि पत्रा बसवताना
एकच स्क्रू
कितीतरी वेळ पिळत राहिलो.