दहावा माणूस

रास्ता पेठेत, दिवे लागायच्या वेळी
आम्ही नऊ जण मोजून झालो होतो.
पुन्हा मोजले. नऊच.
दहा असल्याशिवाय कद्दीश म्हणता येत नाही,
आणि आज माझ्या बापाची वर्षी.

दारात लतीफ बागवान,
रिक्षास्टँडवरून पाय मोकळे करायला आलेला.
"मी चालेन का?"
"नाही चालत, लतीफभाई."
राग नाही आला त्याला.
नियम त्याच्याकडेही आहेत, दिवसातून पाच वेळा.
"चालत नसेल तर रिक्षा काढतो," म्हणाला.
"दहावा राहतो कुठे?"

खडकीला. हनोख दिवेकर, वय एक्याऐंशी,
डावा पाय प्लास्टरमध्ये.

संगम पुलावर काय झालं ते मला माहीत नाही.
तासाभराने रिक्षातून आधी काठी उतरली,
मग प्लास्टर,
मग हनोखमामा, कुरकुरत.

दहा.
मी उभा राहिलो.
मेलेल्यासाठी म्हणायची ती प्रार्थना,
पण तिच्यात मरणाचा शब्दसुद्धा नाही.
शेवटी फक्त, वरून शांती उतरो, एवढंच.
आत सगळे आमेन म्हणाले
आणि बाहेर पायरीवरून, मोजणीत न धरलेलं,
एक आमीन आलं.

नंतर मलिद्याचं ताट फिरलं.
भिजवलेले गोड पोहे, वर खोबरं.
"आमच्या दर्ग्यातही मलिदाच म्हणतात,"
लतीफ बोटं चाटत म्हणाला,
"फक्त पोहे नसतात त्यात."

भाडं विचारलं.
मीटर टाकलाच नव्हता.
हनोखमामा तेवढे म्हणाले,
जाताना तरी सिग्नल बघून चालव.