काटा क्रमांक दोन

शांबा मळीक स्कूटरच्या पुढ्यात
चादरीत काहीतरी गुंडाळून घेऊन आला
तेव्हा मला वाटलं, आजारी बोकड.
टेबलावर ठेवून गाठ सोडली:
पिवळा पडलेला सीपीयू,
कपाळावर चिकटवलेलं
'काटा क्र. २. हात लावू नये.'

"तारीख विसरतो," तो म्हणाला.
"रोज सकाळी मंगळवार.
एक जानेवारी, दोन हजार दोन.
मी रोज त्याला सांगतो आज काय आहे ते.
संध्याकाळी बंद केला की परत तिथंच."

सेल गेलाय, म्हटलं. चाळीस रुपये. बसा.

डाव्या हाताने खिडकीचा गज धरला.
अंगातली वीज आधी लोखंडाला द्यायची,
मग आत बोट घालायचं.
म्हापशाचा मिनेझिस मास्तर शिकवायचा:
इगर्जीच्या दारात पाण्यात बोट बुडवतो ना, तसं.

चार स्क्रू. तीन सुटले,
चौथ्याला खोबरेल पाजावं लागलं.
सगळे सोड्याच्या बुचात.

पत्रा सरकवला
आणि आतून सांडली माती. लाल.
सांखळीच्या माणसाला ती ओळखावी लागत नाही.
दोरीवरच्या कपड्यांवर, काजूच्या पानांवर,
बाळंतिणीच्या खोलीतसुद्धा यायची ती.
खाण थांबून किती वर्षं झाली,
पंख्याच्या पात्यांवर ती अजून कामावर होती.

ब्रशने झाडत गेले.
कोपऱ्यात पालीची दोन अंडी, फुटलेली, रिकामी.
कुणीतरी इथून वेळेवर बाहेर पडलं होतं.

तळाशी सेल,
जुन्या आठ आण्यांएवढा,
कडेला पांढरी बुरशी धरलेला.
मीटर लावला: शून्य पूर्णांक सहा.
तीन लागतात.
नखाने खटका दाबला, टचकन वर आला.
नवा बसवला, अधिकची बाजू वर.

वायरी जोडल्या. एकच बीप.
निळा पडदा. मंगळवार,
एक जानेवारी, दोन हजार दोन.
शून्य तास, शून्य मिनिटं,
नऊ सेकंद, दहा, अकरा.
आजची तारीख टाकायला मी बोट उचललं.

"राव मातशें," शांबा म्हणाला.

थांबले. वाटलं,
याला ते दिवस हवेत:
रात्रभर दिवे, काट्यावर रांग,
घराघरासमोर टिप्पर.
तसं म्हणालेही.

तो पडद्याकडेच बघत होता.
"टिप्पर मागनं आले गो.
हे त्याच्या आधीचं.
ह्या मंगळवारी आमच्या झरीला पाणी होतं.
जानेवारीत. गुडघाभर.
मी नि भाऊ मोटर न लावता कुळागर शिंपायचो."

पंचेचाळीस. शेहेचाळीस.
वाळपईची बस गेली, कपाटाची काच थरथरली.
भाऊ कुठे असतो, विचारलं नाही.
मिनिट भरलं.
"घाल आता."

दिवस, महिना, वर्ष घातलं.
वेळ मोबाइलवर बघून: अकरा बेचाळीस.
"पाच मिनिटं मागे ठेव."
का?
"काटा सहाला बंद व्हायचा.
शेवटचा ट्रक वळणावर दिसायचा,
त्याला आत घ्यायला लागायची.
वजनात कधी खोट केली नाही.
वेळेत करायचो."

आता त्या काट्यावर भंगार तोलतात,
मोसमात काजूची पोती. रांग कसली.
अकरा सदतीस केले.
एफ टेन. वाय. एंटर.

चाळीस रुपये मोजून दिले त्याने,
मेलेला सेल मागून घेतला,
शर्टाच्या खिशात टाकला, पेनाशेजारी.

तो गेल्यावर बुचात बघते
तर एक स्क्रू उरलेला,
तोच, खोबरेल प्यालेला.
हाक मारायला दारात आले,
स्कूटर वळणापलीकडे गेली होती.

टेबल पुसलं, फडकं लाल झालं.
स्क्रू काडेपेटीत ठेवला,
वर लिहिलं, मळीक, काटा दोन,
खाली तारीख.