आणखी काय घेता?

स्ट्रॉमनेसला नोव्हेंबरात साडेतीनलाच दिवस मिटतो.
सिगर्ड इझ्बिस्टर आला तेव्हा मी दिवे लावत होते.
टोपी काढली नाही त्याने.
चष्म्यांचा स्टँड उगाच फिरवला,
खोकल्याच्या गोळ्यांची किंमत विचारली,
आणि दुकानातली शेवटची बाई दार ओढून गेल्यावर
काउंटरवर मूठ उघडली :

एक कॅप्सूल.
चंदेरी कागद कात्रीने कापलेला, नाव अर्धंच उरलेलं.
"सुनेची. तिला दोन दिवसांत उतार पडला.
घेऊ ना?"

तोंड आलंय, म्हणाला.
जिभेवर, गालांच्या आत सायीसारखं पांढरं,
पुसलं की खाली लालबुंद.
चार आठवडे कशालाच चव नाही.
चाळीस वर्षं खेकड्यांचे पिंजरे ओढलेला माणूस
हे सांगताना माझ्याकडे नाही,
वजनकाट्याकडे बघत होता.

सुनेचं दुखणं दुसऱ्या जागेचं.
बुरशी तीच, घर वेगळं.
तिलाही मी असंच हळू आवाजात विचारलं होतं,
दिवस गेलेत का, अंगावर पाजतेस का,
सहा महिन्यांत ही कितवी वेळ.
त्यातलं काही त्याला सांगितलं नाही.
काउंटरला कान असतात, तोंड नसतं.
(ही एक का उरली, ते मात्र तिलाच विचारायला हवं.)

त्याला एवढंच विचारलं,
आणखी काय घेता?

"काही नाही."

आमच्या बेटावर काही नाही म्हणजे
निदान तीन गोष्टी.
छातीचा फवारा : "तो कसला औषध, तो श्वास आहे."
झोपताना एक निळी गोळी, एक गुलाबी,
हृदयात नवी झडप बसली तेव्हापासून.
आणि कोटाच्या आतल्या खिशात पिवळी वही,
खारट वासाची, कोपरे दुमडलेली,
रक्त किती पातळ त्याचे आकडे
त्याच्याच ठाशीव अक्षरात.

मी कॅप्सूल वहीवर ठेवली.
"सिगर्ड, यकृत म्हणजे अरुंद धक्का समजा.
ही येऊन तिथे आडवी लागते.
तुमची वॉरफरिन मग बाहेर पडत नाही,
अंगातच साचत राहते.
रक्त थांबायचं विसरतं.
हिरडीतून येईल, लघवीतून येईल,
किंवा डोक्याच्या आत,
कुणाला न कळता."

तो बराच वेळ बोलला नाही.
मग मागच्या फळीकडे बोट : "आणि ते जेल?"
तेही नको.
तोंडात लावलेलं तोंडातच राहतं, असं नाही.

डॉक्टरांचा फोन लागेपर्यंत अकरा मिनिटं.
मी वहीतला आकडा वाचून दाखवला.
थेंब लिहून आले, निस्टॅटिन.
बाटली हलवायची. जेवणानंतर. दिवसातून चार वेळा.
लगेच गिळायचं नाही, तोंडात घोळवत ठेवायचं.
पांढरं गेलं तरी आणखी दोन दिवस.
फवाऱ्यानंतर दर वेळी चूळ भरायची.
आठवड्यात फरक पडला नाही तर परत डॉक्टर.
आणि रात्री कवळी काढून ठेवायची.

इथे अडला.
"इंगा गेल्यापासून काढत नाही.
रात्रीत काही झालं आणि शेजारी आले,
तर दात असलेले बरे."

यावर कुठल्याच पत्रकात काही लिहिलेलं नसतं.
मी कवळी भिजवायचा डबा दिला, झाकणाचा.
म्हटलं, उशाशी ठेवा. हाताला लागेल असा.

कॅप्सूल मागून घेतली.
त्याने दिली, पण सावकाश,
जशी कुणी उधारी फेडावी.

तीन आठवड्यांनी मंगळवारी आला,
फवाऱ्यासाठी. टोपी हातात.
दुकानात चार बायका होत्या, तरी मोठ्याने म्हणाला,
"सुनेचं सूप फार खारट होतं, इशबेल.
वर्षभर खारटच करत असणार.
मला आत्ता कळलं."

फवारा पिशवीत घालताना विचारलं,
आणखी काय घेता?

"विचार, विचार," म्हणाला,
आणि खिशातून वही काढली.