चॅनल सतरा

रबाळे एमआयडीसी, दुसरा मजला.
सेल कोटाच्या बटणाएवढा.
रेश्मा चौगुलेने तो सतरा नंबरवर लावला
आणि होसूरच्या नोकरीला निघून गेली.
टेपवर तिचं नाव अजून आहे, निळ्या पेनातलं,
शेवटचा 'ले' पुसट.
मी फक्त आकडे उतरवते.

आत एका बाजूला ग्राफाइट, दुसऱ्या बाजूला आमची काळी पूड :
निकेल आठ भाग, मँगनीज एक, कोबाल्ट एक.
ऑक्सिजन सोडून रात्रभर भट्टीत भाजलेली,
मग कालवून ॲल्युमिनियमच्या फॉइलवर सारवलेली.
सारवलेली म्हटलं की सर हसतात.
पण हाताला तेच कळतं,
न थांबता, कडेला जाड होऊ न देता.

चार्ज करताना लिथियम थरांमधून बाहेर पडतं,
वापरताना परत येतं.
भरती-ओहोटी म्हणावं तर
खाडीसुद्धा इतकी वक्तशीर नाही.
आणि सगळं कधीच परत येत नाही.
जागा रिकामी दिसली
की शेजारचं निकेल सरकून तिथं बसतं.
आकार जवळजवळ सारखा.
भांडण नाही, ढकलाढकली नाही,
नुसतं बसतं.

आज चारशे बाराव्या फेरीला स्क्रीनवर आलं :
शिल्लक साडेसत्त्याऐंशी टक्के.
म्हणजे गेले साडेबारा.
एकटीच होते, मोठ्यानं हसले.
गोठिवलीत हा आकडा
शेंबड्या पोरालाही पाठ आहे,
सातबारा गेल्यावर हातात आलेला.

रात्री बाबांना सांगितलं.
आगर गेलं तेव्हा ते एकवीस वर्षांचे,
उघाडीची फळी अजून माळ्यावर ठेवलीय त्यांनी,
कशाला, ते विचारायचं नाही.
"गेलं ते जातं कुठं?"
"कुठंच नाही. आतच असतं,
पलीकडच्या भिंतीला चिकटून.
कामाला येत नाही, एवढंच."

ते बराच वेळ जेवत राहिले.
मग अंगठा तर्जनीवर घासत म्हणाले,
"दाणा कसा तुझ्या त्या पुडीचा?
जाड का बारीक?"
"बारीक. पिठापेक्षा बारीक."
"मग ओल धरत असेल."

धरते.
त्यासाठीच ती कोरडी खोली, दुहेरी हातमोजे,
दारावरचा आर्द्रतेचा काटा,
आणि पावसाळ्यात वाया गेलेल्या रेश्माच्या तीन बॅचेस,
ज्यांचं कारण शोधायला
आम्हाला सात महिने लागले होते.